उष्णतेचा हिशोब समुद्रात लागतो

२००६ साली एका छोट्या शोधनिबंधानं हवामानशास्त्राच्या वर्तुळात खळबळ उडवली. जॉन लायमन, जॉश विलिस आणि ग्रेगरी जॉन्सन या तिघांनी प्रत्यक्ष मोजमापांवरून दाखवलं होतं, की २००३ ते २००५ या काळात समुद्राचा वरचा साडेसातशे मीटरचा थर तापायचं सोडून चक्क थंड झाला. १९५५ पासून त्या थरात जेवढी उष्णता साठली होती, तिचा सुमारे पाचवा हिस्सा दोन वर्षांत गायब! हवामानाची संगणकावरची मॉडेलं तर समुद्र तापत राहणार असं सांगत होती. मॉडेलांवर आधीपासूनच राग असलेल्यांना आयतं कोलीत मिळालं.

विलिस यांना मात्र हिशोब जुळेना. उष्णता ही काही हरवणारी वस्तू नाही. समुद्रानं ती सोडली असेल तर वातावरणातून ती अवकाशात गेली पाहिजे, आणि पृथ्वीकडून बाहेर पडणारी ऊर्जा मोजणाऱ्या ‘सेरेस’ या उपग्रहांवरच्या उपकरणांना दिसली पाहिजे. तशी ती दिसत नव्हती. शिवाय पाणी थंड झालं की आकसतं, त्यामुळे समुद्राची पातळी वाढण्याचा वेग तरी मंदावायला हवा होता. तोही मंदावला नव्हता. मग त्यांनी आपल्याच आकड्यांची उलटतपासणी सुरू केली, समुद्रात सोडलेला एकेक फ्लोट (पाण्याबरोबर वाहत तापमान मोजणारं स्वयंचलित यंत्र) तपासत. दोन गोष्टी हाती लागल्या. नव्या ‘आर्गो’ फ्लोटांपैकी एका गटात, आणि हे फ्लोट मुख्यतः अटलांटिकमध्ये होते, तापमानाचे आकडे चुकीच्या खोलीच्या नावावर नोंदले जात होते. दुसरीकडे जहाजांवरून टाकल्या जाणाऱ्या जुन्या पद्धतीच्या उपकरणांचे आकडे वास्तवापेक्षा गरम येत होते. जुनं उपकरण गरम, नवं थंड, आणि नेमक्या त्याच वर्षांत जुन्याकडून नव्याकडे संक्रमण चाललेलं. समुद्राची ‘थंडी’ या सांध्यात होती. २००७ मध्ये तिघांनी दुरुस्ती जाहीर केली.

हा किस्सा आधी सांगायचं कारण असं, की ‘मॉडेल विरुद्ध प्रत्यक्ष निरीक्षण’ असा सामना लागला की निरीक्षण म्हणजे अंतिम सत्य असं आपण गृहीत धरतो. एरवी ते योग्यच आहे. पण समुद्राच्या बाबतीत निरीक्षण म्हणजे नेमकं काय, हे जरा जवळून पाहण्यासारखं आहे.

वर ज्या जुन्या उपकरणाचा उल्लेख आला, त्याचं नाव एक्सबीटी. वीतभर लांबीचा, टोकाला जड धातू बसवलेला एक नळीसारखा तुकडा. त्याच्या नाकात तापमान टिपणारा बारीकसा संवेदक आणि पोटात केसाएवढ्या तांब्याच्या तारेची गुंडाळी. जहाज चालू असतानाच तो पाण्यात सोडायचा. तार उलगडत जाते, तापमानाचे आकडे त्या तारेतून वर येतात, काही मिनिटांत तार तुटते आणि तुकडा कायमचा तळाला जातो. स्वस्त आणि सोपं काम. १९६० च्या दशकात अमेरिकन नौदलाच्या गरजेतून ही युक्ती पुढे आली आणि पुढची तीन दशकं समुद्राच्या उष्णतेबद्दलची माहिती मोठ्या प्रमाणावर हिच्यावरच उभी राहिली. गोम अशी, की एक्सबीटीला आपण किती खोल आहोत हे कळतच नाही. दाब मोजायची सोय त्यात नाही. पाण्यात पडून किती सेकंद झाले यावरून, एका ठरावीक सूत्रानं खोली काढायची. आता तो तुकडा त्या सूत्राच्या हिशोबापेक्षा किंचित हळू बुडाला, तर अजून वरच्या, म्हणजे तुलनेनं उबदार, पाण्यात असताना तो खोल गेलाय असं आपण लिहून मोकळे होतो. कागदावर समुद्र तापतो. बुडण्याचा वेग पाणी किती थंड आहे यावर, तुकडा कुठल्या वर्षी कसा बनवला यावर थोडाथोडा बदलत होता. एका टाकण्यात ही चूक नगण्य. पण हजारो टाकण्यांत ती एकाच दिशेला झुकली की सगळ्या महासागराचं तापमान खोटं पडतं.

आणि तसं ते पडलंही होतं. जुन्या नोंदींत १९७० च्या दशकात समुद्राच्या उष्णतेला एक मोठा उंचवटा दिसायचा, नंतर उतार. मॉडेलं काही केल्या तो उंचवटा दाखवत नसत. कित्येक वर्षं हे मॉडेलांचं अपयश म्हणून गणलं गेलं. एक्सबीटीचा दोष उघड झाल्यावर काटिया डॉमिंगेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ मध्ये सगळी मालिका नव्यानं मांडली. उंचवटा विरघळला. १९६१ ते २००३ या काळातली समुद्राची तापमानवाढ आधीच्या अंदाजांपेक्षा जवळपास दीडपट निघाली. नव्या आलेखात जे चढउतार उरले ते १९६३ चा आगुंग, १९८२ चा एल चिचॉन आणि १९९१ चा पिनाटुबो या ज्वालामुखींच्या स्फोटांशी जुळणारे होते, आणि ज्वालामुखींची धूळ हिशोबात धरणाऱ्या मॉडेलांत ते खड्डे दिसतही होते. म्हणजे या फेरीत मॉडेल बरोबर निघालं आणि थर्मामीटर चुकला. असं नेहमी होत नाही, हेही पुढे येईलच.

समुद्रावर एवढा भर कशासाठी? कारण वाढीव उष्णतेपैकी सुमारे ९१ टक्के तिथे जाते. जमिनीत पाचेक टक्के, बर्फ वितळवण्यात तीनेक टक्के, आणि ज्या हवेच्या तापमानावरून आपण एवढी डोकेफोड करतो तिच्या वाट्याला जेमतेम एक टक्का. समुद्राचं वरचं तीन-साडेतीन मीटर पाणी अख्ख्या वातावरणाएवढी उष्णता सामावून घेऊ शकतं. समुद्राची सरासरी खोली मात्र साडेतीन किलोमीटरच्या वर आहे. आयपीसीसी या संयुक्त राष्ट्रांच्या हवामानबदलविषयक मंडळाच्या २०२१ च्या अहवालानुसार १९७१ ते २०१८ या काळात समुद्रानं सुमारे ३९६ झेटाज्यूल उष्णता गिळली. एक झेटाज्यूल म्हणजे एकावर एकवीस शून्यं एवढे ज्यूल. सगळी मानवजात आज वर्षभरात जेवढी ऊर्जा वापरते त्या हिशोबानं ही सहाशे वर्षांहून अधिक काळाची बेगमी झाली.

त्यामुळे हवेचं तापमान पाच-दहा वर्षं रेंगाळलं म्हणून तापमानवाढ थांबली असं म्हणणं म्हणजे एक टक्क्याकडे पाहून शंभर टक्क्यांचा निकाल देणं. १९९८ नंतर नेमकं हेच झालं. दीड दशकभर पृष्ठभागाचं तापमान मॉडेलांनी सांगितल्यापेक्षा सावकाश वाढत होतं आणि ‘विराम’ हा शब्द जगभर गाजला. त्याच काळात समुद्राच्या पोटात उष्णता आधीसारखीच साचत होती. ती दिसली, कारण तोवर आर्गोचं जाळं पसरलं होतं. १९९९ पासून हे फ्लोट समुद्रात सोडायला सुरुवात झाली, २००७ मध्ये त्यांची संख्या तीन हजारांवर गेली, आज ती चार हजारांच्या आसपास आहे. फ्लोट एक हजार मीटरवर वाहत राहतो, दर दहा दिवसांनी दोन हजार मीटरपर्यंत उतरतो आणि तिथून वर येताना तापमान, क्षारता आणि (एक्सबीटीला जमत नव्हतं ते) दाब मोजत येतो. पृष्ठभागावर आला की उपग्रहाला आकडे देतो आणि पुन्हा बुडी मारतो. सुरुवातीच्या त्या नाठाळ गटाचा अपवाद सोडला, तर समुद्रशास्त्राला इतकं भरवशाचं साधन याआधी मिळालं नव्हतं.

आता मॉडेलांकडे. वातावरणाचं मॉडेल म्हणजे हवेच्या हालचालीची, उष्णतेच्या देवाणघेवाणीची, बाष्पाची समीकरणं. पृथ्वी चौकटींत विभागून प्रत्येक चौकटीसाठी ती पुन्हा पुन्हा सोडवायची. चौकट साधारण शंभर किलोमीटरची, आणि ढग त्याहून कितीतरी लहान. त्यामुळे ढग समीकरणांतून आपोआप उमटत नाहीत. चौकटीतल्या सरासरी ओलाव्यावरून, तापमानावरून ते अंदाजानं बसवावे लागतात. मॉडेलांची सगळ्यांत दुखरी जागा ती हीच.

स्युकुरो मानाबे आणि रिचर्ड वेदरल्ड यांनी १९६७ मध्ये केलेल्या मॉडेलात तर हवेचा एकच उभा स्तंभ होता. समुद्र नाही, वारे नाहीत. तरी कार्बन डायऑक्साइड दुप्पट केला तर तापमान सव्वादोन-अडीच अंशांनी वाढेल असं त्यातून निघालं, आणि आजच्या अंदाजांशी ताडून पाहिलं तर हे उत्तर फार लांब नव्हतं. दोनच वर्षांनी मानाबे आणि कर्क ब्रायन यांनी वातावरणाला समुद्र जोडला. इथून खरी कटकट सुरू झाली. जोडलेल्या मॉडेलात समुद्र मनमानी करायचा: काहीही बदल न करता नुसतं चालू ठेवलं तरी त्याचं तापमान हळूहळू भलतीकडे सरकत जायचं. त्यावर उपाय म्हणून प्रत्येक ठिकाणी वरून थोडी उष्णता किंवा गोडं पाणी कृत्रिमरीत्या घालायचं किंवा काढायचं. सरळ शब्दांत सांगायचं तर जुगाड. टीकाकारांनी यावर झोड उठवली आणि मला वाटतं ती टीका रास्त होती. १९९० च्या दशकाच्या अखेरीस असा टेकू न घेता उभी राहणारी मॉडेलं आली, तेव्हा कुठे तो वाद मिटला.

पण टेकू लावलेल्या मॉडेलांनाही एक गोष्ट नेमकी कळली होती. रोनाल्ड स्टाउफर, मानाबे आणि ब्रायन यांनी १९८९ मध्ये सांगितलं, की हवेतला कार्बन डायऑक्साइड वाढत गेला तरी अंटार्क्टिकाभोवतीचा समुद्र फारसा तापणार नाही. उत्तर गोलार्ध पुढे जाईल, दक्षिण मागे राहील. कारण तिथे खोलातलं थंड पाणी सतत वर येत असतं आणि वरची उष्णता दुसरीकडे वाहून नेली जाते. तेव्हा हे पडताळून पाहायला पुरेशी मोजमापंच नव्हती. पुढच्या तीन दशकांत तसंच घडलं. मानाबे यांना २०२१ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं.

जागतिक सरासरीच्या बाबतीतही मॉडेलांचा इतिहास लोक समजतात त्यापेक्षा चांगला आहे. झीक हाउसफादर आणि सहकाऱ्यांनी १९७० ते २००७ दरम्यान प्रसिद्ध झालेली १७ भाकितं घेऊन ती नंतरच्या तापमानाशी ताडून पाहिली. दहा जुळली. प्रत्यक्षात किती वायू हवेत सोडले गेले हे मॉडेलला आधी कळणं शक्यच नसतं. तो फरक वजा केल्यावर सतरापैकी चौदा जुळली.

तर मग अडतं कुठे? ते शोधायचा एक साधा मार्ग आहे. जोडलेल्या मॉडेलातला समुद्र काढून टाकायचा आणि वातावरणाच्या मॉडेलला दर महिन्याचं समुद्रपृष्ठाचं खरं, मोजलेलं तापमान द्यायचं: हा घे समुद्र, आता तू हवा कशी वागेल ते सांग. १९९० च्या सुमारापासून जगभरच्या वातावरणीय मॉडेलांची अशी सामाईक परीक्षा घेतली जाते. या परीक्षेत ती चांगली उतरतात. समुद्र बरोबर दिला तर वरच्या हवेचं तापमान, वारे, पावसाचे मोठे पट्टे बऱ्यापैकी बरोबर येतात. उष्णकटिबंधात उंचावरची हवा मॉडेलांत उपग्रहांपेक्षा जास्त तापते हा जुना आणि खरा आक्षेप आहे. त्यातला काही भाग उपग्रहांच्या बाजूचा निघाला, कारण उपग्रहांची कक्षा हळूहळू खाली घसरत होती आणि सुरुवातीच्या विश्लेषणात ते धरलंच नव्हतं. पण दुरुस्त्यांनंतरही फरक उरला. खरा समुद्र दिल्यावर मात्र तो लक्षणीयरीत्या कमी होतो.

यू कोसाका आणि शांग-पिंग शिए यांनी २०१३ मध्ये याहून गमतीचा प्रयोग केला. त्यांनी अख्खा समुद्र दिला नाही. फक्त उष्णकटिबंधातल्या मध्य आणि पूर्व प्रशांत महासागराचं खरं तापमान दिलं, पृथ्वीच्या पृष्ठभागाचा जेमतेम ८.२ टक्के भाग. बाकी सगळं मॉडेलवर सोडलं. आणि तो गाजलेला ‘विराम’ मॉडेलात हुबेहूब उतरला! म्हणजे हरितगृह वायूंना मॉडेल देत असलेला प्रतिसाद चुकलेला नव्हता. प्रशांताचा तो तुकडा त्या वर्षांत थंड राहील हे त्याला ठाऊक नव्हतं.

इथवर सगळं मॉडेलांच्या बाजूचं झालं. पण याच तुकड्यात त्यांची आजची सर्वांत मोठी अडचण दडलेली आहे. १९८० च्या आसपासपासून पश्चिम प्रशांत, म्हणजे इंडोनेशियाकडची बाजू, भराभर तापली. पूर्वेकडची, पेरू-इक्वेडोरकडची बाजू तापली नाही, काही ठिकाणी थंडच झाली. जोडलेली मॉडेलं मात्र उलटं चित्र रंगवतात: पूर्व पश्चिमेइतकीच किंवा जास्त तापेल. एक-दोन दशकांचा फरक असता तर निसर्गाची लहर म्हणून सोडून देता आला असता. चार दशकं चाललेल्या फरकाला लहर म्हणताना बऱ्याच तज्ज्ञांची जीभ आता अडखळते.

आणि हा फरक निव्वळ स्थानिक नाही. पश्चिम प्रशांतातलं गरम पाणी उंचच उंच गडगडाटी ढग उभे करतं. त्या ढगांतून सुटलेली उष्णता वातावरणाच्या वरच्या थरात उष्णकटिबंधभर पसरते. पूर्वेकडे खाली थंड पाणी आणि थंड हवा, वर मात्र ही उबदार हवा, अशी स्थिती झाली की खालची हवा वर उठू शकत नाही. ओलावा खालीच कोंडतो आणि समुद्रावर सपाट, पांढरे, दाट ढग पसरतात. हे ढग म्हणजे समुद्रावर धरलेली छत्री. ऊन परतवतात, पण उंचीला कमी असल्यामुळे खालची उष्णता फारशी अडवत नाहीत. पश्चिम तापली की छत्री मोठी होते. पूर्व तापली की ती विरते. म्हणजे तेवढीच तापमानवाढ, पण ती कुठे झाली यावर पृथ्वीला तिचा दिलासा मिळणार की तडाखा, हे ठरतं. गेली चार दशकं आपल्याला दिलासा मिळाला. वातावरणीय मॉडेलांना खरा समुद्र दिला की तीही हा दिलासा दाखवतात, पण पूर्व प्रशांत असाच थंड राहणार की उलटणार, हे जोडलेली मॉडेलं विश्वासानं सांगू शकत नाहीत. निव्वळ गेल्या काही दशकांच्या नोंदींवरून पृथ्वीची संवेदनशीलता, म्हणजे कार्बन डायऑक्साइड दुप्पट झाला तर तापमान किती वाढेल तो आकडा, काढली तर उत्तर कमी येतं, आणि ते फसवं असू शकतं.

उलट टोकाची चूकही झाली आहे. २०२१ च्या अहवालासाठी आलेल्या मॉडेलांपैकी काही फारच तापट होती. कार्बन डायऑक्साइड दुप्पट झाला तर पाच अंशांहून अधिक वाढ, असं सांगणारी. मुख्य कारण पुन्हा ढगच, विशेषतः दक्षिण महासागरावरचे. आयपीसीसीनं तेव्हा सगळ्या मॉडेलांची सरसकट सरासरी घ्यायचं सोडलं आणि इतर पुराव्यांच्या जोडीनं अडीच ते चार अंशांचा शक्य पल्ला मांडला. हे करायलाच हवं होतं.

मग २०२३ उजाडलं. मार्चच्या मध्यापासून समुद्रपृष्ठाच्या तापमानानं रोजचे विक्रम मोडायला सुरुवात केली आणि वर्षभराहून जास्त काळ ते मोडत राहिलं. एल निनो, म्हणजे मध्य-पूर्व प्रशांत दर काही वर्षांनी तापतो तो प्रकार, होताच, पण तो पुरेसा जोर धरायच्या आतच विक्रम सुरू झाले होते. नासाच्या हवामान संस्थेचे प्रमुख गॅविन श्मिट यांनी २०२४ मध्ये जाहीरपणे लिहिलं, की २०२३ चं तापमान अंदाजापेक्षा सुमारे ०.२ अंशानं जास्त गेलं आणि त्याचं समाधानकारक कारण सापडत नाही. ०.२ हा आकडा किरकोळ वाटेल. जागतिक सरासरीत ती जवळपास दशकभराची वाढ असते.

त्याहून विचार करायला लावणारा आकडा पृथ्वीच्या ऊर्जेच्या ताळेबंदाचा आहे. येणारी ऊर्जा वजा जाणारी ऊर्जा, हा फरक २००५ ते २०१९ या काळात जवळपास दुप्पट झाला. सेरेसनं तो वरून मोजला आणि आर्गोनं पाण्यात, एकमेकांपासून स्वतंत्रपणे. दोन्ही आलेख जुळले. त्यानंतर तो आणखी वाढला. हा वेग गाठताना बहुतेक मॉडेलांची दमछाक होते. मॉडेलं अतिशयोक्ती करतात असं इतकी वर्षं ऐकल्यावर, इथे ती कमी पडताना दिसतात.

संशयित दोन आहेत. २०२० पासून जहाजांच्या इंधनातल्या गंधकाची मर्यादा साडेतीन टक्क्यांवरून अर्ध्या टक्क्यावर आणली गेली, आणि चीनमधल्या हवेतले गंधकाचे कणही त्याआधीच्या दशकात झपाट्यानं कमी झाले. हे कण आजवर ऊन अडवत होते आणि ढग उजळ करत होते. ते हटले की दडलेली तापमानवाढ उघडी पडते. हे कारण असेल तर हा एकदाचा धक्का आहे, पुढे वाढत जाणारा नाही. दुसरा संशयित म्हणजे समुद्र तापतो म्हणूनच खालच्या पातळीवरचे ढग विरळ होताहेत. तसं असेल तर पाणी जसजसं तापेल तसतशी छत्री लहान होत जाणार, आणि संवेदनशीलतेचा आकडा पल्ल्याच्या वरच्या बाजूला ढकलावा लागेल. गंधकाचा परिणाम जहाजमार्गांवर आणि पूर्व आशियाच्या वाऱ्याखाली, म्हणजे उत्तर प्रशांत आणि उत्तर अटलांटिकमध्ये एकवटलेला असायला हवा. ढगांचा प्रतिसाद पाणी जिथे तापेल तिथे तिथे दिसेल, दक्षिण गोलार्धातही. नेमक्या उत्तर प्रशांतात आणि उत्तर अटलांटिकमध्ये सध्या दोन्ही एकात एक मिसळलेले आहेत. ते वेगळे काढायला जहाजांच्या नियमानंतरची आजवरची नोंद अपुरी आहे, आणि मधली दोन वर्षं एल निनोनं गढूळ केली आहेत.